कापलेल्या कडेची शाई

खानापूर तालुक्यातील एका वाचक बंधूंचे पत्र गेल्या पंधरवड्यात आमच्या हाती आले. त्यांच्या पत्नीच्या स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढण्यात आली असून प्रयोगशाळेचा अहवालही त्यांस मिळाला आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या कन्येने तो अर्थ लावून वाचून दाखविला, तेव्हा वरची कड निळी, खालची हिरवी आणि मागची काळी, असे शब्द ऐकून सारे कुटुंब भयभीत झाले. गाठ काळी पडली म्हणजे रोग हाताबाहेर गेला, असे सांगून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्या भयात भरच घातली. डॉक्टरांस विचारण्याचा संकोच वाटला म्हणून त्यांनी आम्हांस विचारले आहे. आम्ही वैद्य नव्हे; तथापि जाणकारांकडे आम्ही ह्या विषयाची विचारपूस केली, आणि जे समजले ते इतरही कुटुंबांच्या उपयोगी पडण्यासारखे आहे.

प्रथम त्या बंधूंचे भय दूर करू. ते रंग रोगाचे नव्हेत. ते प्रयोगशाळेतील माणसाने आपल्या हाताने लावलेले आहेत. गाठ शरीरातून बाहेर आल्यावर तिच्या पृष्ठभागास शाई फासण्यात आली. रुग्णाच्या शरीरात शाईचा एक थेंबही गेलेला नाही. काळा रंग निळ्याहून वाईट नाही आणि हिरवा काळ्याहून बरा नाही. कोणती बाजू कोणती, हे कळावे एवढ्यासाठीच ती योजना आहे.

पण बाजू कळण्याचे एवढे महत्त्व ते काय? आमच्या भगिनी स्वयंपाकघरात नित्य जे करतात त्यावरून हे सहज ध्यानात येईल. बटाट्याचा एखादा भाग नासलेला निघाला, तर गृहिणी तेवढाच भाग कोरून काढीत नाही. भोवतालचा थोडा चांगला भागही ती त्याबरोबर काढून टाकते आणि मग राहिलेल्या बटाट्याची कापलेली बाजू न्याहाळते. तेथे काळसर छटा दिसली की पुन्हा सुरी चालविते. शस्त्रवैद्यही कर्करोगाची गाठ काढताना भोवतालच्या निरोगी मांसाचा एक पट्टा तिच्यासह काढतात. भेद एवढाच, की नासका बटाटा डोळ्यांस दिसतो, आणि कर्करोगाच्या पेशी डोळ्यांस दिसत नाहीत. गाठीपासून दूर गेलेली त्यांची एखादी बारीक मुळी सुरीच्या पलीकडे शरीरातच राहून गेली की काय, हे शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी नुसत्या नजरेने सांगता येत नाही. म्हणून जे बाहेर काढले त्याची कड तपासावयाची. तिच्यापर्यंत रोग पोहोचलेला दिसला, तर पलीकडे शरीरातही तो राहिला असण्याचा संभव मोठा.

ही तपासणी विकृतिशास्त्रज्ञ करतात. रुग्णालयात त्यांस सारे पॅथॉलॉजिस्ट म्हणतात. रुग्णाची व त्यांची बहुधा कधी भेट होत नाही, आणि त्यामुळे त्यांच्या श्रमांची जाणीवही कोणास नसते. त्यांच्यापुढची अडचण अशी की, अख्खी गाठ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येत नाही. तिचे काप करावे लागतात, त्या कापांतून लहान तुकडे निवडावे लागतात, आणि त्या तुकड्यांचे पुन्हा कागदाहूनही पातळ पापुद्रे काढावे लागतात. शेवटी काचेवर जो इवलासा पापुद्रा येतो, त्यास चारही बाजूंनी कडा असतात. त्यांतील कोणती कड शस्त्रवैद्याच्या सुरीची, आणि कोणती प्रयोगशाळेतील सुरीची? पहिल्या कडेवर रोग दिसला तर तो रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे. दुसऱ्या कडेवर दिसला तर त्यास काहीच अर्थ नाही.

ह्या कोड्यावर उपाय अगदी साधा आहे. काप करण्यापूर्वीच गाठीच्या साऱ्या बाह्य पृष्ठभागास शाई लावावयाची. भट्टीतून निघालेल्या पावाचे काप केले, तर प्रत्येक कापास बाहेरच्या अंगाने तांबूस कवच राहते आणि आतील बाजू पांढरी असते. कितीही बारीक तुकडे केले तरी कवचाची बाजू ओळखता येते. शाई म्हणजे त्या गाठीस दिलेले कवच होय. सूक्ष्मदर्शकाखाली जेथे शाईची रेघ, तेथे शस्त्रवैद्याची सुरी. रोगाच्या पेशी त्या रेघेपासून किती दूर आहेत, हे मग मोजता येते.

आता कोणी म्हणेल, शाईच लावावयाची तर दुकानातून एखादी दौत आणली की झाले. तसे होत नाही. त्या तुकड्यास किती दिव्यांतून जावे लागते ते पाहा. प्रथम त्यास फॉर्मॅलिन नावाच्या द्रवात मुरविले जाते, म्हणजे तो कुजत नाही. मग चढत्या तीव्रतेच्या मद्यार्कात बुडवून त्यातील सारे पाणी काढून घेतात. पुढे झायलीन नावाच्या द्रवात मद्यार्क धुऊन निघतो, आणि अखेर वितळलेल्या मेणात तुकडा भिजून त्याची वडी बनते. त्या वडीचे सुमारे चार मायक्रॉनचे, म्हणजे एका मिलिमीटरचे अडीचशे भाग केले असता त्यांतील एका भागाएवढे पातळ, पापुद्रे यंत्राने काढतात. त्यांतील मेण पुन्हा विरघळवून काढतात आणि मग त्यांस जांभळा व गुलाबी असे दोन रंग देतात. जांभळा रंग मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या गाभ्यापासून मिळतो, त्यास हिमॅटॉक्सिलीन म्हणतात; गुलाबी रंगाचे नाव इओसिन. ह्या साऱ्या स्नानांतून जी शाई जागची हलत नाही, विरघळत नाही, फिकी पडत नाही, तीच कामाची. शाळकरी मुलांच्या लेखणीतील निळी शाई पाण्याच्या एका थेंबाने वहीभर पसरते. ती येथे काय टिकणार?

टिकते ती काजळाची शाई. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा, आणि कोळसा पाण्यातही विरघळत नाही, मद्यार्कातही नाही, झायलीनमध्येही नाही. आपल्या पूर्वजांनी दिव्याचे काजळ धरून, डिंकात घोटून जी मसी तयार केली, तिने लिहिलेली मोडी दप्तरे शेकडो वर्षांनंतरही काळीभोर दिसतात, त्याचे रहस्य हेच. प्रयोगशाळांत पिढ्यान् पिढ्या वापरली गेलेली काळी शाई ह्याच जातीची आहे. इंग्रजीत तिला ‘इंडिया इंक’ म्हणतात, जरी ती करण्याची कला चीन देशातही फार प्राचीन आहे. नाव आमचे आणि मान वाटून घ्यावयाचा, असा हा प्रकार!

परंतु एका काळ्या रंगाने कड कळते, बाजू कळत नाही. कडेवर रोग सापडला, तर शस्त्रवैद्यास पुन्हा नेमके कोठे कापावयाचे हे कळले पाहिजे. नाहीतर सगळीकडूनच आणखी कापावे लागेल. अमेरिकेतील फ्रेडरिक मोस ह्या शस्त्रवैद्यांनी त्वचेच्या कर्करोगावरील आपली पद्धत १९४१ साली प्रसिद्ध केली. तीत ते काढलेल्या प्रत्येक तुकड्याच्या कडा निरनिराळ्या रंगांनी रंगवून त्यांचा नकाशाच काढीत, आणि रोग उरला असेल तेवढ्याच जागी पुन्हा कापीत. आज मोठ्या प्रयोगशाळांत काळा, निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा अशा शायांचे संच असतात आणि सहाही बाजूंना सहा रंग देता येतात.

रंगांची निवड मात्र डोळ्यांस आवडेल तशी करून चालत नाही. तांबडा रंग शक्य तो टाळतात किंवा कमी महत्त्वाच्या बाजूस देतात. कारण इओसिनने सारा पापुद्राच गुलाबी झालेला असतो आणि रक्तही तांबडेच दिसते, त्यात तांबडी रेघ हरवून जाते. नारिंगीचेही थोडेबहुत तेच. काळा, निळा व हिरवा हे भरवशाचे रंग गणले जातात. पिवळा रंग स्तनाच्या चरबीवर नुसत्या डोळ्यांस नीट दिसत नाही, पण सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतो. काळ्या रंगालाही मर्यादा आहेत. फुप्फुसात धुराची काजळी आधीच साठलेली असते, आणि त्वचेच्या एका कर्करोगात रोगाच्या पेशीच काळसर रंगद्रव्य तयार करतात; अशा जागी निळा किंवा पिवळा बरा. पित्ताशयाच्या आसपास हिरवा देऊ नये, कारण पित्तही हिरवट. शिवाय काही रंगांत धातूंचे क्षार असतात, आणि क्ष-किरणांनी गाठीचे चित्र घेतले असता ते स्तनातील चुन्याच्या बारीक कणांसारखे भासू शकतात. निळा व हिरवा पातळ लागले तर एकमेकांसारखे दिसतात, म्हणून शेजारशेजारच्या बाजूंना ते न देणे शहाणपणाचे.

परदेशी तयार संच महाग असतात. लहान गावांतील काही प्रयोगशाळा चित्रकारांचे ॲक्रिलिक रंग किंवा जलाभेद्य रेखाटनाची शाई वापरतात. त्यात काही गैर आहे असे आम्हांस वाटत नाही. बाटलीवरील किंमत हा शाईचा कस नव्हे. नवी शाई आणल्यावर ती एखाद्या बिनमहत्त्वाच्या तुकड्यास लावून, वर सांगितलेल्या सर्व द्रवांतून नेऊन, अखेर काचेवर ती कशी दिसते हे पाहणे, हाच खरा कस होय. ही परीक्षा ज्या प्रयोगशाळेत होते तेथील स्वस्त शाईही, परीक्षेवाचून वापरलेल्या महाग शाईपेक्षा बरी.

लावण्याची रीतही महत्त्वाची आहे. गाठ आधी टिपून कोरडी करावी लागते, कारण ओल्या पृष्ठभागावर शाई ओघळते. ती पातळ हाताने लावावी लागते. मग सिरका ज्या आम्लाने आंबट होतो त्याच आम्लाचे सौम्य पाणी वरून देतात, म्हणजे शाई पक्की बसते. आणि ती वाळल्यावरच सुरी लावावयाची. घाई केली तर सुरीबरोबर शाई आत ओढली जाते. गाठीच्या चरबीत भेगा असल्या आणि शाई सढळ ओतली, तर ती भेगांतून थेट रोगापर्यंत झिरपते. मग सूक्ष्मदर्शकाखाली शाई रोगास टेकलेली दिसते आणि नसलेल्या रोगासाठी दुसरी शस्त्रक्रिया ओढवू शकते. एकाच्या गाठीवर टेकविलेला बोळा पुन्हा शाईच्या बाटलीत बुडविणे हाही मोठा अपराध, कारण त्या बाटलीतून एका रुग्णाच्या पेशी दुसऱ्याच्या तुकड्यावर जाऊ शकतात. आणि कोणत्या बाजूस कोणता रंग दिला हे अहवालात लिहून ठेवले नाही, तर सारा खटाटोप फुकट. आमच्या पत्रलेखक बंधूंस ज्या ओळीने घाबरविले, ती ओळ खरे पाहता त्यांच्या प्रयोगशाळेच्या दक्षतेची साक्ष आहे.

ह्या रेघेवर किती अवलंबून आहे, ते आता पाहू. एके काळी स्तनाचा कर्करोग म्हणजे संपूर्ण स्तन काढणे हाच नियम होता. अमेरिकेतील बर्नार्ड फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली अठराशेंहून अधिक स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. काहींचा संपूर्ण स्तन काढला, काहींची केवळ गाठ. आणि गाठ काढलेल्यांच्या बाबतीत अट अशी, की शाई लावलेल्या कडेवर रोग नसावा. १९८५ साली पहिले निष्कर्ष आले आणि २००२ साली वीस वर्षांचे. स्तन राखलेल्या स्त्रिया स्तन काढलेल्यांइतक्याच जगल्या. मात्र त्यांत एक गोष्ट अशी आहे की ती आमच्या वाचकांनी विसरू नये. कडा निर्मळ असूनही, ज्यांनी नंतर किरणोपचार घेतला नाही अशांपैकी शंभरांत सुमारे ३९ जणींच्या त्याच स्तनात वीस वर्षांत रोग परतला. किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ होते. कड निर्मळ आली, आता किरणे कशाला, प्रवासखर्च कशाला, असे म्हणून उपचार अर्धवट सोडणारी कुटुंबे आमच्या पाहण्यात आहेत. डॉक्टरांनी किरणोपचार सांगितला असेल, तर निर्मळ कड हे तो टाळण्याचे कारण नव्हे.

कडेपासून रोग किती दूर असावा, ह्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. कोणी एक मिलिमीटर म्हणे, कोणी पाच, कोणी दहा; आणि त्यापायी अनेक स्त्रियांस दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागे. अखेर २०१४ साली अमेरिकेतील शस्त्रवैद्यांच्या व किरणोपचार तज्ज्ञांच्या संस्थांनी ३३ अभ्यासांतील २८,१६२ रुग्णांची माहिती तपासून ठरविले, की आरंभीच्या अवस्थेतील पसरणाऱ्या स्तनकर्करोगात, पुढे सबंध स्तनास किरणोपचार होणार असेल, तर शाईवर रोग नाही एवढे पुरे. दुग्धनलिकांच्या आतच राहिलेल्या रोगासाठी मात्र २०१६ साली दोन मिलिमीटर हे अंतर ठरले. शाईच्या एका रेघेने किती भगिनींची दुसरी शस्त्रक्रिया वाचविली असेल!

गुदाशयाच्या कर्करोगाची कथा तर अधिकच बोलकी आहे. इंग्लंडातील लीड्स येथे फिलिप क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ५२ रुग्णांच्या काढलेल्या आतड्यांचे बाजूच्या कडेपर्यंत बारकाईने काप करून तपासले. १४ जणांच्या कडेपर्यंत रोग पोहोचलेला आढळला, आणि त्या १४ पैकी १२ जणांस पुढे त्याच जागी रोग पुन्हा झाला. तोवर रोग परतणे हे दैवाचे किंवा रोगाच्या दुष्टपणाचे लक्षण मानले जाई. बव्हंशी तो मागेच राहिलेला असतो, हे ह्या कडेने दाखविले. आपल्याकडे तंबाखू व गुटख्याने घरोघर पोहोचलेला तोंडाचा कर्करोग, त्यातही कडेचाच प्रश्न असतो. तेथे पाच मिलिमीटर वा अधिक अंतर असेल तर कड निर्मळ, एक ते पाचपर्यंत असेल तर जवळची, असा प्रघात आहे. कापलेले मांस आकसते, म्हणून शस्त्रवैद्य तोंडात त्याहून अधिक अंतर सोडून कापतात. गालाचा एवढा मोठा भाग का काढला, अशी तक्रार करण्यापूर्वी नातेवाइकांनी हे ध्यानी घ्यावे.

आता शस्त्रक्रियागृहाबाहेर ताटकळत बसलेल्या कुटुंबीयांकडे वळू, कारण त्यांच्या हातीही बरेच काही आहे. पुष्कळ लहान रुग्णालयांत स्वतःची प्रयोगशाळा नसते. काढलेली गाठ बरणीत घालून ती नातेवाइकांच्याच हाती देतात, आणि ते एस.टी.ने ती शहरात पोहोचवितात. ती बरणी म्हणजे औषधाची रिकामी बाटली नव्हे. गाठीस शस्त्रवैद्याने बहुधा दोन दोरे बांधलेले असतात. पुष्कळ ठिकाणी आखूड दोरा वरच्या बाजूचा आणि लांब दोरा बाहेरच्या बाजूचा असतो. गाठ शरीरात कशी होती हे त्या दोऱ्यांवरूनच कळते, आणि त्यांवरूनच रंग दिले जातात. म्हणून बरणी उघडू नये, गाठ हाताळू नये, दोरे ओढू नयेत.

त्याहूनही कळकळीने सांगावयाचे ते हे, की गाठ चिरून दाखवा असा हट्ट डॉक्टरांपाशी धरू नये. आत काय होते हे पाहण्याची उत्सुकता आम्ही समजू शकतो. खर्च झाला, तेव्हा निदान डोळ्यांनी पाहावे असेही वाटते. परंतु शाई लावण्यापूर्वी चिरलेली गाठ म्हणजे कवच लागण्यापूर्वी कापलेला पाव. मग आतील बाजू बाहेरची होते, शाई तेथेही लागते, आणि कड निर्मळ की दूषित हे विकृतिशास्त्रज्ञांस छातीठोकपणे सांगता येत नाही. पाहावयाचीच असेल तर अखंड पाहावी.

बरणीत फॉर्मॅलिनच असावे. साधे पाणी, सलाईन किंवा स्पिरिट नव्हे. गाठीच्या आकारमानाच्या निदान दसपट द्रव असावा आणि बरणीचे तोंड रुंद असावे, कारण मऊ गाठ अरुंद तोंडातून आत जाते, पण कडक झाल्यावर बाहेर येत नाही. गाठ घरी नेऊन बर्फात ठेवण्याचा विचारही करू नये. रुग्णाचे नाव झाकणावर नव्हे, बरणीच्या अंगावर लिहिलेले असावे. झाकणे बदलली जातात. फॉर्मॅलिन डोळ्यांस व घशास झोंबते, म्हणून बरणी मुलांपासून दूर ठेवावी. स्तनाच्या गाठीवर पुढे हार्मोनची परीक्षा होते. तीसाठी गाठ तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये पडलेली असावी आणि त्यात सहा तासांहून कमी व बहात्तर तासांहून अधिक राहू नये, असा दंडक आहे. तेव्हा शनिवारी मिळालेली बरणी पाहुण्यांच्या सोयीने बुधवारी पोहोचविणे बरे नव्हे.

अहवाल हाती आल्यावर कडेविषयीची ओळ कोणाकडून तरी वाचून घ्यावी. तेथे एक शब्द फसवा आहे. कड ‘निगेटिव्ह’ असणे ही शुभवार्ता आणि ‘पॉझिटिव्ह’ असणे ही चिंतेची, हे उलटे वाटले तरी खरे आहे. शस्त्रवैद्यांस विचारावे, की शाईवर रोग आहे काय, नसल्यास जवळात जवळ किती मिलिमीटरवर आहे आणि कोणत्या बाजूस. हे प्रश्न विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. कड दूषित आली तरी शस्त्रवैद्य चुकले असे लगेच म्हणू नये. डोळ्यांस न दिसणाऱ्या शत्रूशी त्यांचा सामना असतो.

आणि दुसऱ्या तज्ज्ञांचे मत हवे असेल तर? काही मंडळी गाठच दोन भाग करून दोन प्रयोगशाळांस देतात. असे कदापि करू नये. दोन्हीकडे अर्धीच कड दिसते आणि पुरता निर्णय कोणासच देता येत नाही. एकाच प्रयोगशाळेस अखंड गाठ द्यावी. तिच्याकडे मेणाच्या वड्या व काचा जपून ठेवलेल्या असतात, त्या मागून घेता येतात. बांबोळीस, बेळगावास अथवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाताना त्या वड्या, त्या काचा आणि ज्यात रंगांचा तपशील लिहिला आहे तो संपूर्ण अहवाल, अशी तिन्ही बरोबर न्यावी. वड्या उन्हात किंवा मोटारीच्या तापलेल्या खिडकीपाशी ठेवू नयेत. त्या मेणाच्या आहेत.